पदराच्या गाठीतली गोळी

मी तान्ही असताना रडले नाही, ही आमच्या घरातली सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेलेली गोष्ट. आई-वडील ऊसतोडीला जायचे. मी दीड महिन्याची असताना आईने मला फडावर नेलं, बैलगाडीच्या सावलीत पाचटावर गोधडी अंथरून निजवलं आणि कोयता हातात घेतला. पहाटेपासून दुपारपर्यंत मी म्हणे हूं की चूं करायची नाही. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया जाता-येता थांबायच्या आणि म्हणायच्या, “लेकरू असावं तर असं. लई गुणाची हाय गं तुजी.”

आईने ही गोष्ट माझ्या मास्तरांना सांगितली, मला बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितली, आणि लग्नानंतर सासूबाईंना तर दोनदा सांगितली. मला अगदी ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण पुढे मी चांगलीच भांडखोर निघाले. आज मी शाळेत शिकवते आणि मुलं छडीला नाही, माझ्या आवाजाला घाबरतात. जेवढे गुण होते तेवढे तान्हेपणीच संपवले असतील, असं मी आईला चिडवायचे. आई त्यावर हसायची नाही. तिच्यापाशी मिरवण्यासारख्या फार गोष्टी नव्हत्या, ही एक होती.

आईच्या पदराच्या टोकाला कायम एक गाठ असायची आणि गाठीत दोन-तीन गोळ्या. पोटात मुरडा आला, पाळीच्या कळा सुरू झाल्या की घ्यायची ती गोळी. फडावर दुखतंय म्हणून बसायची सोय नव्हती. एका दिवसाचा खाडा झाला तरी मुकादमाचं तोंड सुटायचं, आणि तोडलेला ऊस मोळी बांधायला बाई नाही म्हणून तसाच पडून राहायचा. म्हणून बाजाराच्या दिवशी कुणीतरी एक पट्टी आणायची, आणि आई ती अडकित्त्याने कापून सगळ्याजणींना एकेक गोळी वाटायची. त्या चकचकीत चौकोनी तुकड्यावर नाव पुरतं कधीच नसायचं. कुठे दीड अक्षर, कुठे नुसती रेघ. नावाची गरज कुणालाच नव्हती. त्या तिला कळांची गोळी म्हणायच्या.

मला पाचवा महिना लागला तेव्हा आईने डिंक-खारकांबरोबर या गोळ्यांची पुडी पाठवली. निरोप होता, “पोटात दुखलं तर सोसत बसू नकू.” मी पुडी कपाटात ठेवली, आणि एकदा खरंच दुखलं तेव्हा डॉक्टरबाईंना विचारलं. बीडच्या या डॉक्टरबाई म्हणजे तोंडावर बोलणाऱ्या. म्हणाल्या, “गरोदरपणात दुखणं नुसतं दाबायचं नसतं. ते कशाचं आहे हे आधी बघायचं असतं. गोळी लागली तर मी देईन. आता तुम्ही एकटीसाठी खात नाही, लक्षात ठेवा.” मी इतकं लक्षात ठेवलं की साधी डोकेदुखीची गोळीही त्यांना फोन केल्याशिवाय घेतली नाही. नवरा म्हणायचा, “पाणी प्यायचं का, तेही विचारून घे.”

मुलगी झाली. दवाखान्यातून पाचव्या दिवशी मी वडवणीजवळच्या माझ्या माहेरी आले. दिवाळी होऊन गेली होती आणि अर्धं गाव कारखान्यांच्या वाटेने निघून गेलं होतं. वडीलही टोळीबरोबर गेले होते. आईने मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणं मोडलं होतं. “लेकीचं बाळतपण हाय, यंदा मी येत न्हाई,” असं तिने मुकादमाला सांगितलं, आणि हे सांगताना आपला आवाज कसा चढला होता ते ती मला रोज करून दाखवायची.

तिने माझी जी बडदास्त ठेवली ती मी जन्मात विसरणार नाही. सकाळी शेक, मग न्हाणं, मग धुरी. बाजरीची भाकर, शेपूची भाजी, वर बाळंतशेपा. आणि लाडू. डिंकाचे लाडू तिने असे वळले होते की एक फेकून मारला असता तर कुत्रं पळालं असतं. “खा, दूध उतरतंय त्यानं,” म्हणत ती समोर बसायची आणि संपल्याशिवाय उठायची नाही. तिला स्वतःला बाळंतपणात कुणी असा लाडू भरवला नव्हता, हे मला माहीत होतं. म्हणून मीही खात राहिले.

तेविसाव्या दिवशी सकाळी त्या लाडवांनी सूड घेतला. पोटात असा मुरडा उठला की मी गुडघे पोटाशी घेऊन पडले. आई धावत आली. तिने ओव्याचं पाणी दिलं, पोट शेकलं, आणि मग पदराची गाठ सोडली.

“घे. घटकाभरात मोकळी व्हशील.”

मी घेतली. नऊ महिने पाण्यालाही विचारणारी मी, त्या वेळी क्षणभरही थांबले नाही. बाळ पोटातून बाहेर आलं, आता पोट माझं एकटीचं, असंच माझ्या मनाने धरलं असावं. शिवाय देणारी आई होती. तिच्या हातावरून घेऊन काही तोंडात टाकताना त्यावर काय लिहिलंय हे बघायची सवय मला कधीच नव्हती.

घटकाभरात खरंच मोकळं वाटलं. अकराच्या सुमारास मुलगी उठली, मी तिला अंगावर पाजलं, पाळण्यात घातलं आणि दोघी झोपलो.

मला जाग आली ती चोळी दुधाने भिजली म्हणून. घड्याळात तीन वाजत आले होते. दर दोन तासांनी घर डोक्यावर घेणारी माझी मुलगी अजून झोपलेलीच होती. आई पाळण्याशी बसून कौतुकाने बघत होती.

“बघ की,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुज्यावर गेली. गुणाची हाय.”

मी मुलीला उचललं. मान जरा जास्तच सैल वाटली. तळपायाला टिचकी मारली तर तिने अर्धा डोळा उघडला आणि मिटला. छातीशी धरलं, पण ओठ हललेच नाहीत. दूध तिच्या गालावरून खाली ओघळलं. तेव्हा मला डॉक्टरबाईंचं ‘एकटीसाठी खात नाही’ हे वाक्य आठवलं. त्या पोटाबद्दल बोलल्या होत्या, पण ते दुधालाही लागू होतं. एवढी साधी गोष्ट मला तेवीस दिवसांत सुचली नव्हती.

फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गोळीचं नाव काय?”

“नाव नाही.”

“नाव नाही म्हणजे?”

“कापलेली आहे. आईच्या गाठीत अजून एक आहे.”

त्या म्हणाल्या, “तिला पाजू नका. जागं ठेवायचा प्रयत्न करा, श्वासावर लक्ष ठेवा आणि ताबडतोब निघा. उरलेली गोळी घेऊन या.”

गावातल्या किराणा दुकानदाराने दुकान तसंच उघडं टाकून गाडी काढली. बीडला पोचेपर्यंतचा तो तास मी कसा काढला ते सांगता येत नाही. मुलगी माझ्या मांडीवर होती आणि आई तिच्या तळव्यांना टिचक्या मारत होती, एकदा उजव्या, एकदा डाव्या. मधेच मी तिच्यावर फाटदिशी ओरडले. “तुला वाचता येत नाही तर दिलीस कशाला मला?”

आईने टिचक्या थांबवल्या नाहीत. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की वाचता येणारी तर मी होते. गोळी माझ्या तळहातावर होती. लाज वाटली, पण माफी मागण्याइतकंही भान त्या वेळी नव्हतं.

दवाखान्यात मुलीला लगेच आत नेलं, पायाला चिमटा लावून यंत्राला जोडलं. डॉक्टरबाईंनी आईकडे हात पुढे केला. आईने पदराची गाठ सोडली. कापड घामाने ओलं झालं होतं, गाठ लवकर सुटेना. शेवटी तिने दातांनी सोडली आणि तो चकचकीत चौकोन त्यांच्या हातावर ठेवला. डॉक्टरबाईंनी तो उजेडात उलटासुलटा करून बघितला.

“मावशी, पोटाचा मुरडा सैल करणाऱ्या गोळ्या सगळ्या एका जातीच्या नसतात,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मला वाटला त्यापेक्षा मऊ होता. “एखादी आम्ही गरोदर बाईला स्वतः देतो, बाळंतपणाच्या कळा सुरू असतानाही देतो. दुसरी अंगावर पाजणाऱ्या बाईला मुळीच देत नाही. ती दुधातून बाळाला पोचते. इतकं लहान बाळ मग सुस्त पडू शकतं, कधी श्वासालाही त्रास होतो. ही बहुतेक तीच असावी. पण नाव नाही, त्यामुळे मी बहुतेकच म्हणणार. श्वास आत्ता चांगला चालू आहे. तरी बहुतेकच्या भरवशावर मी बाळ घरी सोडत नाही.”

आईने विचारलं, “सुस्त म्हंजी कसं, बाई?”

“झोपून राहतं. प्यायला उठत नाही. रडत नाही.”

आई भिंतीला हात लावत बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेली आणि बसली.

नर्सने मला दूध काढून टाकायला सांगितलं. आजचा दिवस वरचं दूध वाटी-चमच्याने द्यायचं, उद्या डॉक्टर सांगतील तेव्हा अंगावर घ्यायचं. मी बेसिनपाशी उभी राहून दूध पिळत होते आणि रडत होते. ज्या दुधासाठी आईने इतके दिवस लाडू भरवले ते पांढरं पाणी होऊन मोरीत जात होतं.

बाहेर आले तर आई तशीच बसली होती. मी शेजारी बसले. तिला माफ कर म्हणायचं होतं, पण तीच आधी बोलली.

“तुज्या टायमाला मी रोज खायचे.”

“काय?”

“तीच गोळी. दीडच म्हैना झालता बाळत हून. वाकलं की वटीपोटात कळ यायची. सकाळी एक, दुपारी एक. आन् तुला पाजायचे.” ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. “समद्या म्हनायच्या गुणाची हाय, गुणाची हाय. मला बी तसंच वाटलं. माज्या लेकराला कळतंय, आईला काम हाय, म्हनून रडत न्हाई. सगळ्या जगाला सांगत सुटले मी.”

मी उठून डॉक्टरबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांपूर्वीचं आज कोण सांगणार, काही बाळं खरंच शांत असतात. मी ते जसंच्या तसं आईला सांगितलं. तिने मान डोलावली, पण तिला पटलं नव्हतं. मलाही पूर्ण पटलं नव्हतं, आणि तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही.

मी तिचा हात हातात घेतला. उसाच्या पात्यांनी ओरबाडून ओरबाडून तिच्या हाताची कातडी कायमची खरखरीत झालेली आहे. लहानपणी त्या हाताने पाठ खाजवून घ्यायला मला फार आवडायचं.

“आई, मी हाय की,” मी म्हणाले. शाळेतली भाषा त्या वेळी माझ्या तोंडात येईना. “तुज्यासमोर बसलेय. तुज्यावरच वरडतेय.”

“वरड,” ती म्हणाली. “तुजं बरुबर हाय.”

“न्हाई, बरुबर नव्हतं. वाचायचं काम माजं हुतं. आन् तू ती गोळी खाऊन वाकली नसतीस, तर मी साळंत बी गेले नसते.”

यावर तिने पदर तोंडाला लावला. माझी आई फडावर कधी रडली असेल तर मला माहीत नाही. माझ्यासमोर ती पहिल्यांदा रडली. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि आम्ही त्या बाकड्यावर दारातून पलीकडच्या त्या इवल्याशा छातीकडे बघत राहिलो. ती वर जायची, खाली यायची. दर वेळी खाली आली की पुन्हा वर जाईपर्यंत आम्ही दोघी आपला श्वास धरून ठेवत होतो.

साडेपाच होऊन गेले असतील. आतून आधी एक कुरकुर ऐकू आली. मग एक बारीक किंकाळी, आणि मग असा काही टाहो की बाकड्यावरचे सगळे लोक वळून बघायला लागले. आम्ही धावत आत गेलो. मुलगी लालबुंद झाली होती, मुठी आवळलेल्या, आणि पायाचा चिमटा तिने लाथाडून दिला होता. डॉक्टरबाईंनी तिला तपासलं आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. “भूक लागली आहे महाराणींना,” त्या म्हणाल्या.

नर्स वाटी-चमचा आणायला वळली आणि मी सवयीने मुलीला खांद्याशी घेऊन थोपटायला लागले, गप गप म्हणायला लागले. आईने माझा थोपटणारा हात धरला.

“गप करू नकू तिला,” ती म्हणाली. “रडू दे. तुज्या बी वाटचं रडू दे.”