दोरी बांधलेली पाचर

अमरावतीच्या एका दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हाची गोष्ट. इंग्रजांचं राज्य होतं, वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले. आमचे दातांचे डॉक्टर अकोल्याचे. दर बुधवारी सकाळच्या गाडीने येत. एखाददुसरा दात ते रोग्याला खुर्चीत बसवूनच उपटत, पण दाढा फारच किडलेल्या असल्या की भूल द्यावी लागे. तारेच्या जाळीवर फडकं ताणून ती नाकातोंडाशी धरायची आणि वरून क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचे, हे काम माझं.

एका बुधवारी तिवशाकडची एक माळीण आली. झेंडू आणि वांगी पिकवणारी, चाळिशीची, धिप्पाड बाई. चार दाढा सडलेल्या, तरी तोंड थांबत नव्हतं.

"बाई, दुखन का वो?"

"कळणारसुद्धा नाही," मी म्हटलं.

ती झोपली खरी, पण जबडा गच्च आवळला. डॉक्टरांनी तो कसाबसा उघडून दातांमध्ये बाटलीचं बूच बसवलं. आमची ती नेहमीची युक्ती. पहिल्या दाढेला चिमटा लागतो न लागतो तोच कट्‌कन आवाज झाला. बुचाचे दोन तुकडे! एक बाहेर पडला, दुसरा दिसेना. डॉक्टरांनी तिला झटकन कुशीवर वळवलं आणि बोट घालून घशाशी गेलेला तुकडा बाहेर काढला.

"जाळी काढा. आज पुरे," ते म्हणाले.

शुद्धीवर येताच तिने विचारलं, "निंगाल्या का दाढा?"

"नाही."

"मंग मले निजवलं काहून?"

डॉक्टरांनी झालेलं सगळं खरं खरं सांगितलं. मला वाटलं, आता ही दवाखाना डोक्यावर घेणार. पण ती हसायलाच लागली.

"बूच काय घालता डाक्तरसायब! आमी बैलाले दवाई पाजतो तवा तोंडात आडवं लाकूड देतो. त्याले दोरी बांधून ठेवतो. आत सरकलंच त वढून घ्याले."

डॉक्टरांचे कान लाल झाले. मी तोंडाला पदर लावला. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "परत सांगा बरं. नीट सांगा."

त्या आठवड्यात अकोल्याच्या सुताराकडून त्यांनी सागाची एक पाचर करून आणली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती. दाताला इजा होऊ नये म्हणून वरून सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि जाड टोकाला भोक पाडून ओवलेली मजबूत दोरी. मी ती चांगली उकळून घेतली.

पुढच्या बुधवारी माळणीने भूल घेण्याआधीच पाचर दातांत धरून पाहिली. काढून म्हणाली, "जराशी जाड हाय, पन चालते." मग ती पुन्हा दातांत बसवली आणि मी जाळी धरली. दोरी तिच्या गालावरून बाहेर लोंबत होती. जबडा आवळला, पण पाचर जागची हलली नाही. डॉक्टरांनी चारही दाढा एका दमात काढल्या. मला वाटतं, त्या दिवशी ते पहिल्यांदाच काम करताना गुणगुणले.

पुढे आम्ही लहान मुलांसाठीही एक छोटी पाचर करून घेतली. महिन्याभराने माळीण आपल्या जावेला घेऊन आली. जाऊ खुर्चीत बसली, पण भीतीने तोंडच उघडेना. माळणीने ताटलीतल्या पाचरीकडे बोट दाखवलं.

"भेऊ नको. हे माह्या डोक्यातून निंगालं हाय. इचार डाक्तरले."

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "यांनीच शिकवलं."

जावेने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि निमूट आ केला.