खळ्यातलं ऊन

साऱ्या पेडणे तालुक्यात सूर्याची बाजू घेऊन भांडणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे इब्रामपूरचे मामा. सूर्याला स्वतःचीसुद्धा इतकी काळजी नसेल. सरकारने सौरऊर्जेचं धोरण काढलं तेव्हा मामांनी ते पोथीसारखं सोवळ्यात बसून वाचलं, असं मामी शपथेवर सांगते. अनुदान कोणाला, मीटर कुठला, घरात खपून उरलेली वीज सरकारला कशी द्यायची, सगळं तोंडपाठ. लग्नाच्या पंगतीत मामा शेजारी बसले की खीर येईपर्यंत तुमच्या घराचं छप्पर कुठल्या दिशेला उतरतं हे त्यांनी काढून घेतलेलंच असतं. "सूर्यान कधी कोणाक बिल धाडल्यान?" हा त्यांचा ठरलेला सवाल, आणि उत्तरासाठी ते थांबत नाहीत.

वीज वाचवण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. आमच्या डिचोलीच्या घरात पाऊल ठेवलं की आधी सगळे पंखे बंद करीत फिरतात आणि मग घामाघूम होऊन आपणच पाणी मागतात. त्या पाण्यासाठी माझ्या मुलीने फ्रीज उघडला की ओरडतात, "आधी काय होया ता मनात ठरव, मगे दार उघड!" एकदा तालुक्याच्या गावी वीजबचतीवर सभा होती. भरदुपारी पडदे ओढलेले आणि झाडून सारे दिवे चालू. साहेब बोलायला उभे राहिले तसे मामाही उभे राहिले. एकेक करून सगळे पडदे सारले, दिवे मालवले आणि जागेवर येऊन म्हणाले, "आता बोला सायबानू." साहेबांनी बिचाऱ्यांनी भाषणाचा कागद खिडकीच्या उजेडाकडे वळवला. मामांचं म्हणणं एवढंच की धोरण चांगलं आहे, फक्त करणाऱ्यांनी ते खिडकी उघडून करावं.

एवढं सगळं झाल्यावर मामांच्या घरी पॅनल येणार हे ठरलेलंच होतं. अडचण आली ती फणसाची. परसातला दांडगा फणस कौलांवर दिवसभर सावली धरून असतो. बसवणारे म्हणाले, झाड तोडा. मामा म्हणाले, "आधी माका तोडा." मग उरलं घरापुढचं खळं. शेणाने सारवलेलं, सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत उन्हात न्हाणारं. तुळस तेवढी राखली आणि बाकी सगळ्या खळ्यात कमरेइतक्या लोखंडी सांगाड्यावर पॅनल उभे राहिले. मामांनी नारळ फोडला, गावाला पेढे वाटले. मामीने पेढा घेतला, खळ्याकडे पाहिलं आणि पेढा तसाच हातात धरून आत गेली. त्या दिवशी ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

मे महिन्यात मामांचा मला फोन आला. आवाज अगदी दुखवट्याचा. "जावईबापू, सूर्य कमी पडलो!" वीज किती तयार होते ते मोबाईलवर दिसतं, आणि तो आकडा भरउन्हात रोज घसरत होता. मामा पडवीत बसून दिवसभर फोनकडे पाहत, आभाळाला दोष देत. शेवटी म्हापशाहून मेकॅनिक आला. त्याने फोनकडे न बघता सरळ खळ्यात बघितलं आणि तोंडावर हात धरून हसू लागला. पॅनलवर मामीचं जुनं लुगडं पसरलेलं, आणि त्यावर मीठ लावलेली भिरंडाची सोलां, म्हणजे आपली आमसुलं, ओळीने सुकत पडलेली! "काळी काच बरी तापता," मामी शांतपणे म्हणाली. मामांचा पारा चढला. "गे, ह्यो सरकारी योजनेचो माल!" त्यावर मामी एवढंच म्हणाली, "तुमचो सूर्य तो सूर्य, आणि माझो तो कोण?"

सोलां उतरवली गेली. अर्धी ओली. पडवीच्या सावलीत ती सुकतात कुठली! बुरशी धरली आणि मामीने ती फणसाच्या बुंध्याशी ओतली. आमचं लग्न झाल्यापासून तिच्या हातच्या सोलांचा डबा दरवर्षी आमच्याकडे येतो; त्या वर्षी आला नाही. मामी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा सोलां विकत घेऊन आली. त्यांची कढी मामांनी एक घोट घेतली आणि वाटी खाली ठेवली. मामीही ताटावरून उठली. घरात वीज भरपूर होती आणि दोघं एकमेकांशी चार दिवस बोलत नव्हती. हे मला नंतर मामांनीच सांगितलं, खालच्या मानेने.

पुढच्या ग्रामसभेत मामा बोलायला उठले तेव्हा लोकांनी नेहमीप्रमाणे घड्याळं पाहिली. पण मामा फार बोललेच नाहीत. "सरकाराक एक कळवा. पॅनल घालच्या आधी घरातल्या बायलेक विचारा, तू सुकवणा खंय घालतंस." आणि बसले. बायका टाळ्या वाजवत राहिल्या.

यंदा मे महिन्यात मी गेलो तर खळ्यातले तुळशीजवळचे दोन पॅनल काढून गोठ्याला टेकवलेले. त्या मोकळ्या जागेत सोलां पसरलेली. मामीचे गुडघे आता तिला वाकू देत नाहीत. ती पडवीत खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती, आणि टोपी घातलेले मामा एका हातात कावळ्यांसाठी काठी घेऊन दुसऱ्या हाताने एकेक सोल परतत होते. बोटं लालभडक. फोन कुठे होता कोण जाणे.

मला चेष्टा सुचली. म्हटलं, "मामा, दोन पॅनलचं ऊन फुकट चाललंय की!"

मामांनी पडवीकडे पाहिलं. मामीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "जाऊंदे. ही आसा तोपर्यंत हिचा ऊन हिका."

आणि पुन्हा वाकून सोलां परतू लागले. मी चपला काढल्या आणि दुसऱ्या टोकाकडून परतायला बसलो.