लाल चिंधीचा चाकवत

भवानी पेठेतल्या आमच्या गच्चीवर नातीनं लेट्यूस लावलाय. बी जुन्या वाणाचं, म्हणून एक रोप तिनं बियांसाठी राखलंय. काल त्याचं पान मोडलं. त्याचा कडवट, ओला वास आला आणि मला सासूचं खुरपं आठवलं.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. पाहुणे आले म्हणून मी परसातला चाकवत काढला. सगळ्यात भरदार रोप मुळासकट उपटलं. त्याला लाल चिंधी बांधली होती. माहेरी आम्ही दृष्ट लागू नये म्हणून बांधायचो, तशीच ही असेल असं वाटलं. सासरी ती बियाण्याची खूण होती. त्या वाणाचं तेवढंच रोप उरलं होतं.

मी पानं चिरत होते. सासूनं पाहिलं आणि खुरपं उलटं धरून माझ्या कपाळावर हाणलं. रक्त डोळ्यात ओघळलं.

"माज्या आयचं बी व्हतं ते, सटवे!"

मी तिला ढकललं. ती दगडावर पडली आणि तिचं मनगट कडकन मोडलं. तरी दुसऱ्या हातानं ती चिरलेली पानं चिवडत राहिली, तुऱ्यात एखादा दाणा भरलाय का बघत. एकही भरला नव्हता.

"रगत पूस आदी," शेवटी ती म्हणाली. "पाव्हणं जेवायला बसल्यात की."

मनगटाचं मला आजही वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी पाहुण्यांनी भाजी दोनदा मागून घेतली. सासूनं ती डाव्या हातानं वाढली आणि स्वतः कोरडी भाकरी खाल्ली. तेवढं मात्र आता खुपतं.