तिचा चेंडू आणि माझा चेंडू

“त्याले वाटू दे वो,” म्हणत ती चष्मा कपाळावर चढवायची आणि लॅपटॉपच्या पाठीवर दोनदा थोपटायची, म्हशीला थोपटावं तशी.

‘तो’ म्हणजे आमचा विटा फोडायचा खेळ. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाचा. खाली फळी, वर रंगीत विटा, मध्ये उड्या मारणारा चेंडू. डब्याच्या सुट्टीत आम्ही दोघी टायपिस्ट तो खेळायचो आणि गुणांच्या यादीत सगळ्यात वर नेहमी तिचंच नाव.

अशी एक बाई तुमच्याही ऑफिसात असेलच. टायपिंग तिचंच बिनचूक, वेणी तिचीच लांब, साहेब हाक मारणार तीही तिलाच. मी तेव्हा पंचविशीची, जळून कोळसा. एकदा सगळे हात धुवायला गेले तेव्हा मी ती यादी पुसून टाकली आणि सांगितलं, लाईट गेली होती. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तिनं पंख्याकडे पाहिलं. “गेली असन,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी डबा संपायच्या आत तिचं नाव पुन्हा वर. काय मूर्ख होते मी! निदान पंखा तरी बंद करायचा.

रिटायर झाल्यावर ती गोंदियाजवळ मुर्रीला आली, नेमकी आमच्या शेजारी. खेळाची फ्लॉपी तिनं जपून ठेवली होती. मला माझ्या लग्नाचे फोटो जपता आले नाहीत. गोंदियातल्या दुकानदारानं फ्लॉपीतलं सगळं लॅपटॉपात उतरवलं, पण नवा कॉम्प्युटर त्या खेळाला दारात उभा करीना.

“नहीं चलेगा मॅडम, बहुत पुराना है.”

“पुरानी तो मैं भी हूँ,” ती म्हणाली आणि घरी येऊन खटपट करत बसली.

शेवटी तिला एक प्रोग्राम सापडला. तो नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. “खेळाले वाटते, आपण जुन्याच मशीनवर आहो. वाटू दे त्याले.” खेळ चालला, पण इतका सुसाट की चेंडूच दिसेना. मग वेगाचा आकडा कमी-जास्त करणं आलं. फळीवर चेंडू आपटला की टिक् व्हायचं. त्या टिक्‌ची लय तिला इतक्या वर्षांनी आठवत होती! बोटानं ताटावर ठेका धरून म्हणे, “अजून जरासा हळू... हां, आता बरोबर.” मला काहीच आठवेना. पुन्हा जळले.

तिनं पडद्यावर खेळ उघडायची दोन छोटी चित्रं करून ठेवली, एक तिच्या नावाचं, एक माझ्या. आपापल्या चित्रावरून खेळायचं. आणि काय सांगू, मी जिंकू लागले! रोज दुपारी!

“तू मुद्दाम हरून राहिली का वो?” एकदा मी विचारलं.

“मी? आन् तुह्यासमोर?” ती फिसकन हसली. “हात थकले माहे.”

मी घरी जाऊन सुनेला दोनदा सांगितलं. तिचा चेंडू मला जरा घाईचा वाटायचा, पण म्हटलं, म्हातारी झाली, घाबरते.

दिवाळीनंतर गुडघ्यांपायी मुलगी तिला रायपूरला घेऊन गेली. लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेली. पहिल्याच दुपारी मी तिचं चित्र उघडलं. म्हटलं, तिथली यादीही आपल्या नावावर करू. चेंडू सुटला आणि गेला. डावातले तिन्ही चेंडू गेले, घोटभर पाणी प्यायच्या आत. मग मी दोन्हीकडचे वेगाचे आकडे पाहिले. तिच्या चित्रात ऑफिसातला वेग होता. माझ्या चित्रात त्याच्या निम्मा.

मलाही वाटू दिलं होतं.

आता रोज तिच्याच चित्रावर बसते. यादीत दहा नावं, दहाही तिचीच. आकडा कुठं बदलतात ते मला ठाऊक आहे. हात लावत नाही.

रविवारी तिचा फोन आला. “का करून राहिली वो?”

“काही नाही. तांदूळ निवडून राहिली.”

टिक्. टिक्. आवाज बंद करायचा राहिला होता, त्या पंख्यासारखाच.

पलीकडे ती ऐकत असावी. मग म्हणाली, “निवड वो. घाई नको करू.”