तीर्थक्षेत्राचे कलम आणि अर्जदार नाना

मध्य भारताच्या विधानसभेने दुकानांचा कायदा ग्वाल्हेरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर केला. राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन होण्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. मूळ मसुद्यात नसलेले एक कलम मंजूर कायद्यात होते. तीर्थक्षेत्री पर्वस्नानाच्या दिवशी दुकाने उघडी ठेवता येतील; त्या दिवशी राबणाऱ्या नोकराला दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळेल; आणि ही सवलत घेणाऱ्या दुकानाला नोकर कमी करता येणार नाही. हे कलम उज्जैनच्या ज्या गृहस्थांमुळे आले ते आमदार नव्हते आणि वकीलही नव्हते. ते व्यापारी मंडळाचे सचिव होते. सारे शहर त्यांना अर्जदार नाना म्हणत असे.

नानांची एक रीत होती. अर्ज ज्याच्या विरुद्ध असे, त्यालाच ते तो आधी वाचून दाखवत. नगरपालिकेविरुद्ध अर्ज असला तर नाना पालिकेच्या अधिकाऱ्याच्या घरी जाऊन, चहा घेऊन, अर्ज पहिल्या ओळीपासून वाचत आणि विचारत, "यात काही खोटं आहे का? असेल तर काढून टाकतो." बहुतेक वेळा एखादी ओळ निघत असे. उरलेल्या अर्जाला मग कोणाला उत्तर देता येत नसे.

त्यांचे पूर्वज ग्वाल्हेर रियासतीच्या दफ्तरात होते. नानांनीही माल म्हणजे महसूल खात्यात नोकरी केली होती. रियासत विलीन झाली तशी ती संपली. व्यापारी मंडळाने फ्रीगंजमध्ये एक खोली घेतली आणि नानांना बसवले. भर उन्हाळ्यात ते बंद गळ्याचा कोट घालत आणि वरचे बटणही लावत. बातमीदार म्हणून मी रोज तिथे जात असे. माझ्या बातमीवर त्यांचा शेरा ठरलेला होता. "रडून राहिलाय तुमचा मजकूर. काय पाहिजे ते पहिल्या ओळीत सांगा, मग रडा."

दुकान-कायद्याचा मसुदा आला तेव्हा शहरात दोन तट पडून भांडण सुरू झाले. मसुद्याप्रमाणे नोकर ठेवणाऱ्या प्रत्येक दुकानाला आठवड्यातून एक ठरलेला दिवस बंद ठेवायचा होता आणि संध्याकाळी ठरल्या वेळी फळ्या लावायच्या होत्या. घरची माणसे चालवतात ती दुकाने यातून मोकळी होती. इतर गावांत हे चालण्याजोगे होते. उज्जैनचा बाजार मात्र वारावर चालत नव्हता, तिथीवर चालत होता. सोमवती अमावास्येला शिप्रेवर जी गर्दी उतरते तिच्यावर रामघाटाच्या दुकानांचे कित्येक आठवडे निघत.

मंडळाचे अध्यक्ष मन्नालाल सेठ यांचे घाटाजवळ पितळी भांड्यांचे दुकान होते. त्यांनी हिशेब सरळ केला होता. कायदा आला की नोकर काढायचा, मुलांना बसवायचे आणि दुकान उघडे ठेवायचे. त्यांचा नोकर बद्रीलाल हा गुमास्ता संघाचा पुढारी होता. गुमास्ते म्हणजे दुकानांतले पगारी विक्रेते. त्यांच्या संघाला मसुदा जसाच्या तसा हवा होता. मंडळाला तो पूर्ण मागे घेतलेला हवा होता. यातले काहीही झाले तरी बद्रीलालचे नुकसान होते. कायदा बारगळला तर सुट्टी जाणार होती. मंजूर झाला तर नोकरी जाणार होती. हे त्यालाही ठाऊक होते. घरी आई, बायको आणि लहान मुले होती.

विधानसभेच्या समितीने दोन्ही पक्षांना बाजू मांडायला बोलावले. पत्रावर छाप ग्वाल्हेर सचिवालयाचा होता आणि मजकुरात गावाचे नाव नव्हते. सरकार उन्हाळ्यात इंदूरला बसते हे उज्जैनमध्ये सर्वांना माहीत होते. पण रियासतीच्या माणसाला अर्ज म्हटला की ग्वाल्हेरच आठवे. इंदूर पडले दुसऱ्या रियासतीचे गाव. नाना, मन्नालाल सेठ आणि मी आगगाडीने ग्वाल्हेरला गेलो. सचिवालयाच्या दाराला कुलूप होते. पायरीवर एक माणूस पिशवी उशाला घेऊन बसला होता. तो बद्रीलाल होता.

सेठ म्हणाले, "तू यहाँ? दुकान कौन देख रहा है?"

"आप यहाँ हो सेठजी, तो मैंने सोचा ताला ही ठीक है."

पहारेकऱ्याने सांगितले की समिती इंदूरला आहे आणि सुनावणी आजच आहे. इंदूर उज्जैनपासून दोन तासांवर होते. नानांनी कुलूप एकदा ओढून पाहिले. मग मला म्हणाले, "छापायचं असेल तर पूर्ण छापा. बातमीदारही सोबत होता, हे पण लिहा."

परतीच्या वाटेवर बीनाला गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी उशिरा होती. फलाटावर सावलीचे एकच बाक होते. त्यावर एका टोकाला सेठ आणि दुसऱ्या टोकाला बद्रीलाल बसला. नाना मधे बसले. त्यांनी मंडळाचा अर्ज काढला आणि बद्रीलालला वाचून दाखवला. मग बद्रीलालकडून संघाचा अर्ज मागून घेतला आणि तो सेठांना वाचून दाखवला. दोन्ही अर्ज त्यांनी सारख्याच आवाजात वाचले.

वाचून झाल्यावर ते बद्रीलालकडे वळले. "अमावस को छुट्टी चाहिए तुमको?"

"अमावस को छुट्टी लेकर क्या करूँगा, नानासाहब? सारा गाँव तो घाट पर रहता है. दूसरे दिन दो, सो तो लूँगा."

"दूसरे दिन बाजार वैसे ही ठंडा रहता है," सेठ म्हणाले. "ले ले छुट्टी. मैंने कब मना किया?"

"तनखा के साथ?"

सेठांनी घड्याळ काढून गाडीची वेळ पाहिली.

"बिना तनखा की छुट्टी तो सेठजी, आप बुखार में भी दे देते हो," बद्रीलाल म्हणाला.

सेठांना हसू आले आणि ते त्यांनी लपवले नाही. नानांनी कोटाच्या खिशातून पेन काढले आणि दोघांचे बोलणे कोऱ्या कागदावर कलम म्हणून उतरवले. नोकर कमी न करण्याचे वाक्य त्यांनी स्वतःहून घातले. सेठ त्यावर अडले. नाना म्हणाले, "सेठजी, सवलत भी चाहिए और आदमी भी निकालना है, ऐसा अर्ज मैं किस मुँह से पढ़ूँ?" गाडी आली तेव्हा कागदावर दोन्ही सह्या होत्या.

उज्जैनला मंडळाची सभा झाली ती वादळी होती. एका सभासदाने नानांना विचारले, "आप हमारे सचिव हो या नौकरों के?" नाना म्हणाले, "दुकान का सचिव हूँ. दुकान में नौकर गिनते हो कि नहीं?" सेठांनी आपली सही झालेली आहे एवढेच सांगितले. ठराव मंजूर झाला.

इंदूरला समितीच्या कारकुनाने सुनावणी संपली म्हणून परत पाठवले. नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. सेठ आणि बद्रीलाल त्यांच्याबरोबर होते. शेवटी सभापतींनी व्हरांड्यातच कागद हातात घेतला. मालक आणि नोकर यांच्या सह्या एका कागदावर पाहून त्यांनी विचारले, "किसने किसको दबाया है?"

"रेलगाड़ी ने, साहब," बद्रीलाल म्हणाला. "देर से आई, और छाँव की बेंच एक ही थी."

सभापतींनी तिघांना आत बोलावले. नाना उभे राहून बोलले आणि थोडेच बोलले. काय हवे ते पहिल्या वाक्यात होते. हा कायदा नोकरासाठी आहे, तो नोकराची नोकरी घेणार असेल तर त्यात एक कलम कमी आहे, असे त्यांनी सांगितले. एका सदस्याने विचारले, मंडळ उद्या फिरले तर? उत्तर सेठांनी दिले. "फिरेंगे तो यह बद्री है न. मेरी ही दुकान में बैठता है." समितीने कलम स्वीकारले. हिवाळ्यात ते ग्वाल्हेरला शब्दाचाही फरक न होता मंजूर झाले. बातमी आली त्या संध्याकाळी फ्रीगंजच्या खोलीत मंडळ आणि संघ यांची माणसे पहिल्यांदा एकत्र बसली. कचोरी सेठांकडून होती. नानांना हार घालायला लोक उठले तेव्हा त्यांनी तो बद्रीलालच्या गळ्यात टाकला. मग कोटाचे वरचे बटण सोडले. ते सोडलेले मी फक्त तेव्हाच पाहिले.

त्यानंतर आसपासच्या गावांतून मंडळे नानांकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागली. नाना प्रत्येकाला आधी विचारत, "समोरच्याला वाचून दाखवला का?" नाही म्हणणाऱ्याला ते परत पाठवत. पुढे मीही बातमी छापण्यापूर्वी ज्याच्याविषयी ती असे त्याला वाचून दाखवू लागलो.

राज्य पुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली. नानांचा मुलगा सरकारी नोकरीत होता, त्याची तिकडे बदली झाली आणि नाना त्याच्याबरोबर निघाले. आदल्या दिवशी सोमवती अमावास्या होती आणि घाटावरची दुकाने उघडी होती. स्टेशनवर सेठ आणि बद्रीलाल दोघेही आले होते. सेठ गाडी सुटण्यापूर्वीच परत गेले. दुकानावर कोणी नव्हते. बद्रीलाल गाडी सुटेपर्यंत थांबला. त्याची भरपगारी सुट्टी होती.