नारळ फुटल्यावर टोकणं

चौलचे हरेश्वर मास्तर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकवतात, पण त्यांचं खरं वेड वेगळंच: कामात कुणाला इजा होऊ नये. जड उचलताना पाठ सरळ कशी ठेवायची, वजन कमरेऐवजी मांड्यांवर कसं घ्यायचं, हे पोरं चार दिवसांत शिकतात. ‘धोका दिसला की ओरडा’ एवढं मात्र काही केल्या शिकत नाहीत. शिकतील कशी? शुभकामात टोकू नये, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे बाळकडू घरोघरी पाजलेलं. मास्तरांचा दोस्त इसहाक, त्याची बोटं इंजिनाखाली गेली तेव्हा भोवतालच्या सगळ्यांना ती दिसत होती. पण मुहूर्ताचा नारळ फुटला होता, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून मास्तरांच्या जिवाला घोर. आपली पोरं उद्या कामाला लागणार आणि अशीच गप्प राहणार.

परवा चांगदेव नाखव्याच्या होडीत नवं इंजिन बसवायचं होतं. मास्तर सोनल, हुझैफा आणि बाकीच्या शिकाऊ पोरांना घेऊन गेले. नारळ फुटला, साखळीला टांगलेलं इंजिन हळूहळू खाली येऊ लागलं. वीतभर राहिलं असेल, तोच सोनल किंचाळली, "थांबा! हुझैफाचा हात!"

साखळी जागच्या जागी थांबली. हुझैफा पलीकडे उभा, दोन्ही हात वर. इंजिनाखाली होता तो त्याचा गळून पडलेला हातमोजा.

हशा पिकला. सोनलचा चेहरा एवढासा झाला. चांगदेव भडकला, "नारल फोरल्यावर टोकतंस गो? मास्तर, हेच शिकवता व्हय?"

"व्हय, हेच," म्हणत मास्तर होडीच्या काठावर मटकन बसले. छातीवरचा धोंडा उतरला होता. पोरगी ओरडली होती! नाखव्याला भ्यायली नाही, नारळालाही नाही. मास्तरांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

"पन हात व्हता कुठं?" चांगदेव धुसफुसला.

"नव्हता, हे आपल्याला कधी कळलं, नाखवा? ही ओरडली तेव्हा."

चांगदेवने एक काठी घेतली आणि तो हातमोजा बाहेर ओढला. मग साखळीला हात घातला, आणि पुन्हा सोडून दिला.

"थांबा रं जरा," तो म्हणाला. "आदी सगल्यांचं हात दाखवा."