फुलचुखी आली नाही त्या थंडीत

आमच्या निसर्ग मंडळाची एक पद्धत आहे. रविवारी सकाळी ठरलेल्या जागी पोचलो की लगेच दुर्बिणी काढायच्या नाहीत. आधी सगळ्यांनी डोळे मिटून, मूठ छातीशी धरून गप्प उभं राहायचं. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. मग डोळे उघडून ज्याने त्याने आपापली पाखरं सांगायची. बघणाऱ्याला आम्ही कुठल्यातरी बाबांचे भक्त वाटतो. त्र्यंबकला निघालेल्या एका रिक्षावाल्याने तर एकदा आम्हाला हात जोडले होते.

पाखरू दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं, तर ते मोजणीत धरायचं की नाही हे ठरवायचे दोघंजण, सर आणि मी. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी शाळेत भूगोल. आता दोघंही निवृत्त. सर मंडळात माझ्या कितीतरी आधीचे, पण दर वेळी म्हणायचे, "ताई, तुम्ही सांगा आधी." मी सांगायचे, ते मान हलवायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या कानांचा मला तोरा होता. घरात माझं कुणी ऐकत नाही, पण इथे मी ऐकलेलं सगळे ऐकत.

गेल्या थंडीत त्र्यंबक रोडच्या एका मळ्यात फुलचुखी ऐकू येईना. अंगठ्याएवढं पाखरू, आंब्याच्या शेंड्याला पानांत असतं, दिसत क्वचितच. पण टिच टिच असा बारीक आवाज सारखा चालू. तिथल्या आंब्यांवर बांडगूळ आहे आणि बांडगुळाची फळं हे तिचं जेवण, त्यामुळे ती तिथे हमखास असायची. दोन-तीन रविवार गेले. मी म्हटलं, नाही. सरांनी मान हलवली.

"मला आली की ऐकू," नव्याने आलेली एक बाई म्हणाली. तिचं पंचवटीत औषधांचं दुकान आहे.

"खार असेल ती," मी म्हटलं. डोक्यात तिडीकच गेली माझ्या. कालची आलेली ही, आणि मला शिकवणार?

मग कारण शोधणं आलं. मळेवाल्याने दोन झाडांवरचं बांडगूळ तोडलं होतं. झालं, आम्हाला तेवढंच पुरलं. आमची अख्खी वरात त्याच्या दारात. तुमच्यामुळे पाखरू गेलं, असं मीच पुढे होऊन सुनावलं.

तो बिचारा चहा सांगायला निघाला होता, तो थांबला. "बांडगूळ माझा आंबा खातंय, ते नाय दिसत तुम्हाला?" म्हणाला. "उद्यापासून मळ्यात पाय ठेवायचा नाय कोणी."

इतकी वर्षं आम्हाला त्या मळ्यात कुणी अडवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "अगं, कधीचा वाजतोय तो फ्रिज. दार लाव की."

फ्रिज माझ्या हाताशी होता. दार किलकिलं राहिलं होतं. मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. गुपचूप दार लावलं. नवरा आंघोळीला गेल्यावर मी दार पुन्हा उघडलं आणि कान लावून उभी राहिले. आत दिवा जळत होता, बाकी सगळं गप्प. मग थर्मामीटर काखेत धरला. आकडा येऊन थांबला, आवाज नाही. कुकरची शिट्टी येत होती, नवऱ्याचं खेकसणं येत होतं. गेलं होतं ते नेमकं बारीक, टोकाचं.

त्यानंतर मला घरात बसवेना. दूध आणायला म्हणून निघायचे आणि गंगापूर रोडने चालतच सुटायचे. भारद्वाज ऐकू यायचा, तांबट ऐकू यायचा. एकेका झाडाखाली थांबायचे, लोक बघायला लागले की पुढे निघायचे. कानाच्या डॉक्टरांच्या पाटीखालून दोनदा गेले, वर गेले नाही. भीती वाटत होती, सरळ सांगते. कान गेले तर मी मंडळात कोण? मागे डबे सांभाळत बसू? आणि तो मळेवाला डोळ्यांपुढून हलेना. पाखरू तिथेच असेल तर त्या माणसाला आम्ही फुकट बोल लावला होता.

रविवारी मळ्याबाहेर रस्त्यावरच उभे राहिलो. आंबा तिथूनही दिसतो. डोळे मिटले, मुठी धरल्या. माझी तीन बोटं उघडली, बास. डोळे उघडले तर त्या औषधवाल्या बाईचा अख्खा पंजा उघडा.

"ताई, तुम्ही सांगा आधी," सर म्हणाले.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," मी म्हटलं. "फुलचुखी असेलही. माझ्यावर विसंबू नका. सर सांगतील."

सर चष्मा काढून पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "माझं तर तीन-चार वर्षांपूर्वीच गेलं. मी तुमच्यावरच विसंबून होतो ताई."

मला राग यायला हवा होता, पण आलं ते हसू, आणि हसता हसता डोळे भरले. त्या मानेच्या जोरावर मी निवांत होते, आणि माझ्या जोरावर ती मान हलत होती.

"म्हणजे या थंडीत आपल्या दोघांत ऐकत कोण होतं?" सरांनी विचारलं.

मळेवाल्याकडे आम्ही दोघांनीच जायचं ठरवलं, माफी मागायला. त्याआधी मी त्या बाईला विचारलं, "कुठे आहे?" तिने माझे खांदे धरून मला जरा वळवलं आणि शेंड्याकडे बोट दाखवलं. दुर्बीण लावली. बांडगुळाच्या झुबक्यात ती बसली होती, चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. आवाज नव्हता.

सर अगदी जवळ आले. "काय म्हणतेय?"

"टिच टिच," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली.